हात दाखवून अवलक्षण

चौथीत आईच माझी वर्गशिक्षिका होती. घरी आई, वर्गात बाई. चुकून 'आई' म्हटलं तर तिला ऐकूच यायचं नाही. तिच्या टेबलाच्या खणात वेताची छडी असायची आणि ती बाहेर निघाली की तीनच शब्द यायचे : हात पुढे कर. पोरं निमूट हात पुढे करायची. मारणाऱ्यासमोर आपण होऊन हात नेऊन ठेवायचा, ही किती विचित्र गोष्ट आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही. ते यायला वयाची बेचाळिशी गाठावी लागली, शिवाय दुबईतली एक बाग आणि फिलिपिन्सच्या सेबू बेटावरून आलेला एक स्टोअरकीपर भेटावा लागला.

तो आमच्याच कंपनीच्या गोदामात कामाला होता. साठीच्या आसपासचा, माझ्याएवढाच उंच, पोट जरा सुटलेलं. सगळे त्याला 'नोंग' म्हणत. सेबुआनो भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला असं म्हणतात, आपल्या 'अण्णा'सारखं. मला तो 'इंदाय' म्हणे, म्हणजे पोरी. शुक्रवारी सकाळी (तेव्हा दुबईत सुट्टी शुक्रवारची असे) सतव्याकडच्या एका बागेत तो दहा-बाराजणांना एस्क्रिमा, म्हणजे फिलिपिन्सची काठीची लढाई, शिकवायचा. फी वगैरे काही नाही. कुणी पाव आणायचं, कुणी थर्मासमधून कॉफी. दोन नर्स, घरकाम करणारी एक ताई, एक मल्याळी इलेक्ट्रिशियन असा सगळा गोतावळा. मी लांबून काठ्या फिरताना पाहिल्या आणि कोल्हापूरचा माज घेऊन पुढे गेले. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ बघत वाढलेली बाई मी, मला काठीचं काय कौतुक सांगता?

माज दोन मिनिटं टिकला. आपली लाठी चांगली पुरुषभर उंच. ती फिरायला लागली की भोवती रिंगण मोकळं होतं, चारजण आपोआप लांब राहतात. इथली काठी, म्हणजे ओलिसी, फक्त २८ इंच लांब आणि अंगठ्याएवढी जाड. समोरचा इतका जवळ की त्याने सकाळी लसणीचा भात खाल्लाय हे कळतं. नोंगने सावकाश वार केला, मी सिनेमात बघितल्याप्रमाणे माझी काठी त्याच्या काठीवर आपटली. त्याने मान हलवली. "काठीला का मारतेस? काठीला दुखत नाही." मग पुन्हा तोच वार, आणि या वेळी माझी काठी पोचायच्या आत त्याच्या काठीचं टोक माझ्या करंगळीशेजारच्या बोटावर टेकलं. टेकलंच नुसतं. तरी चौथीचा वर्ग आठवला.

या विद्येचं मर्म एवढंच आहे असं म्हटलं तरी चालेल. समोरच्याचं डोकं नाही, छाती नाही. ज्या हातात हत्यार आहे तो हात फोडायचा. सापाचे दात पाडणं असं त्याला म्हणतात. दात पडलेला साप म्हणजे दोरी. पूर्वी सरावातही हातावरच मारत, आणि त्यामुळे शिकणारे टिकत नसत. नेग्रोस बेटावरच्या हिनिगारानचे रेमी प्रेसास (१९३६–२००१) यांनी हे ओळखलं. एस्क्रिमालाच आर्निसही म्हणतात; आपल्या 'मॉडर्न आर्निस'मध्ये त्यांनी सरावापुरती काठी काठीवर मारायची पद्धत रुजवली आणि सत्तरच्या दशकात ती अमेरिकेत नेली. नोंगला त्यांच्याबद्दल आदरही होता आणि तक्रारही. "त्यांच्यामुळे जग शिकलं," तो म्हणे, "आणि त्यांच्यामुळेच तू काठीला मारतेस." दुसऱ्या वाक्यात त्यांच्यावर थोडा अन्याय होता. मी आधीपासूनच काठीला मारत होते, त्यांचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हा.

वार आकड्यांनी शिकवतात. नोंगच्या घराण्यात बारा. उनो डावीकडून कानशिलावर, दोस उजवीकडून... आकडे स्पॅनिश. सेबूत घड्याळाची वेळ आजही स्पॅनिश आकड्यांत सांगतात, तशीच ही मोजदाद. मनगटाच्या हिसक्याने पंख्यासारखी उलटसुलट फिरते ती 'आबानिको', स्पॅनिशमधला पंखाच. काठीचं मुठीखालचं टोक 'पुन्यो', म्हणजे मूठ. दोन काठ्यांचा गुंफलेला खेळ मात्र 'सिनावाली' : सवाली म्हणजे घरांच्या भिंतींना लावतात ती बांबूची विणलेली तट्टी. कोकणातल्या कुडाची आठवण यावी असं ते विणकाम. दोघं समोरासमोर उभे राहून हवेत तट्टी विणत असतात आणि एकाचा धागा चुकला की दुसऱ्याच्या बोटांना कळतं.

साधारण दोन महिन्यांत माझ्या हातांवर नकाशे उमटले. आधी जांभळे, मग हिरवट, मग हळदीसारखे पिवळे. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे तुकडे पडत जातात तसे रंग पालटतात, हे मी सगळ्यांना उत्साहाने समजावून सांगत असे. एचआरच्या बाईंनी एक दिवस केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. मी काठीचं सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी कणव दाटली ती मी विसरणार नाही. 'दारावर आपटले'च्या जागी एवढी नवीन सबब त्यांनी कधी ऐकली नसावी. नवरा बिचारा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या नजरा चुकवू लागला. आईशी व्हिडिओ कॉल असला की मी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालत असे, ऐन जुलैत, दुबईत.

म्हणून मी संरक्षणाचा सरंजाम जमवला. जाळीचं शिरस्त्राण, कोपराच्या पट्ट्या, आईस हॉकीचे मोठे हातमोजे. नोंगने ते मोजे हातात घेऊन बघितले, हसला, परत दिले. जाड मोजे घातले की हात वाचवायची गरज संपते. मी दुसऱ्याच आठवड्यात बेफिकीर झाले. स्पर्धांचंही थोडं तसंच होतं असं माझं मत. 'वेकाफ' नावाची जागतिक संघटना १९८७ मध्ये सेबूवाल्यांनी उभी केली. तिच्या सामन्यांत शिरस्त्राण आणि गुडघ्यापर्यंत येणारा गादीसारखा अंगरखा घालून खऱ्या वेताच्या काठ्यांनी झोडपतात. दोघंही एकमेकांना धडाधड मारत सुटतात, कारण मार जाणवतच नाही. बघायला जोशपूर्ण, पण त्यात सापाचे दात कुणी पाडत नाही. नोंगने मला एवढंच घ्यायला लावलं : डोळ्यांना चष्मा आणि हातात पातळ मोजे. चष्म्यात तडजोड नाही. वेत तुटत नाही, पिंजतो, आणि त्याच्या कुसळी उडतात.

वेताचं हे पिंजणं हा त्याचा मोठा गुण. तो वेलीसारखा चढणारा ताड आहे, बांबूसारखा पोकळ नाही, आत भरीव आणि तंतुमय. बांबू फुटला तर पात्यासारखी धार येते. वेत शेवटी केरसुणी होतो आणि निवृत्त होतो. नोंग नवीन काठ्यांना आगीवरून फिरवून काळपट डाग पाडे आणि सोललेल्या वेतापेक्षा सालासकटचा पसंत करे. दुबईच्या एसीत वेत फार कोरडा पडतो म्हणून मी माझ्या काठ्या न्हाणीघरात ठेवायला लागले. घरी आलेल्या पाहुण्यांना काय वाटलं असेल ते असो. त्याच्याकडे कामागोंगची एक काठी होती, आबनुसाच्या जातीच्या काळ्याभोर लाकडाची, हातात घेतली की लोखंड वाटावं अशी. तिच्याशी जोडीने खेळायचं नाही. ती एकट्याने हवेत फिरवायची, कारण तिचा लहानसा फटकाही हाड मोडू शकतो. कामागोंगची झाडं आता तिकडेही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

पण नोंगचं खरं लक्ष असायचं माझ्या डाव्या हातावर, ज्यात काहीच नसे. माझा तो हात बाजूला लोंबकळत राही. 'कामोत!' तो ओरडे. कामोत म्हणजे हात. रिकामा हात छातीशी उभा हवा, समोरच्याचं मनगट दाबायला, ढकलायला, पकडायला तयार. तागालोग या तिकडच्याच दुसऱ्या भाषेत त्याला 'बांताय कामाय' म्हणतात, पहाऱ्यावरचा हात. काठी दिसते म्हणून सगळे काठीकडे बघतात. काम हा दुसरा करतो. गणितात आपण 'हातचा एक' म्हणतो ना, तसा हा हातचा. मला काही तो राखता येईना. एक काम करताना दुसरा हात विसरण्याची माझी जन्माची सवय, पोळ्या लाटतानासुद्धा.

मग मी पडले. काठीने नव्हे. गवतावर नुकतंच पाणी मारलं होतं, मागे सरकताना पाय घसरला आणि मी उजवा तळहात टेकून पडले. दुखत होतं, पण हलत होतं. नोंग थोडंफार हिलोतही करायचा. हिलोत म्हणजे फिलिपिन्समधली मालीश आणि हाड-सांधे बसवण्याची जुनी विद्या. काठी शिकवणारे बरेच उस्ताद तीही जाणतात. मला वाटलं, आता तेल लावून देईल. त्याने माझा अंगठा हळूच ताणला, अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा पडतो त्यात बोट दाबलं आणि मी किंचाळले. त्याने लगेच हात सोडला. "हे माझं काम नाही. एक्स-रे."

डॉक्टरांनीही पहिल्यांदा तिथेच दाबलं. जुन्या काळी लोक त्या खळग्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, म्हणून वैद्यकीय भाषेतही तिला तपकिरीची डबी म्हणतात. माझे आजोबा तिचा मूळ उपयोग करत. तिच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं, नावेच्या आकाराचं काजूएवढं हाड असतं. गंमत म्हणजे ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. आणि त्याला रक्त उलट्या बाजूने, बोटांकडून मनगटाकडे येतं. मध्ये भेग पडली की मागचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. म्हणून एक्स-रे स्वच्छ असतानाही त्यांनी अंगठ्यासकट प्लास्टर घातलं आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. दुसऱ्या चित्रात भेग दिसली, केसासारखी. 'मुरगळलंय, होईल बरं' म्हणून त्या खळग्यावर तेल चोळत बसणाऱ्यांची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

प्लास्टरचे दहा आठवडे. लिहिता येईना, कणीक मळता येईना. वाचता येत होतं, म्हणून मी या काठीचा उगम शोधायला बसले आणि इंटरनेटवरच्या दंतकथांत बुडाले. कुणी म्हणे सेबूशेजारच्या मक्तान बेटाच्या लापुलापु राजाने स्पॅनिश ताफा घेऊन आलेल्या मॅजेलनला काठीने मारलं. कुणी म्हणे स्पॅनिशांनी बंदी घातली तेव्हा लोकांनी ही विद्या नाटकांतल्या लुटुपुटीच्या लढायांमध्ये लपवली. अमेरिकेत याच कलेचं 'काली' हे नाव जास्त चालतं, त्यावरून आपल्याकडच्या एका ग्रुपवर 'हे मूळ आपलंच, काली मातेचं' असा संदेशही फिरून आला. नोंगला दाखवला. तो पोट धरून हसला. सेबूत लहानपणी त्याने हा शब्द ऐकलासुद्धा नव्हता, म्हणाला. मला इतकंच दिसतं की एस्क्रिमा आला स्पॅनिश 'एस्ग्रिमा' म्हणजे तलवारबाजीवरून, आर्निस आला 'आर्नेस' म्हणजे चिलखतावरून, तलवार-कट्यारीच्या खेळाला 'एस्पादा इ दागा'. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पॅनिश छत्राखाली राहिलेल्या बेटांवर जी विद्या वाढली तिच्या अंगाखांद्यावर स्पॅनिश शब्द असणारच. त्यात कमीपणा कसला? आपल्या बटाट्याला आपण पोर्तुगीज म्हणत नाही.

मग मी पिगाफेता वाचला. अंतोनियो पिगाफेता, मॅजेलनच्या ताफ्यातला इटालियन, त्या लढाईत स्वतः जखमी झालेला. २७ एप्रिल १५२१. मक्तान बेटाचा किनारा खडकाळ आणि उथळ. नावा लांब थांबल्या, त्यामुळे नावांवरच्या तोफा पोचेनात. एकोणपन्नास जण मांडीभर पाण्यातून चालत निघाले. किनाऱ्यावर दीड हजारांहून जास्त लोक. सेबूचा नुकताच बाप्तिस्मा घेतलेला राजा हुमाबोन आपली माणसं घेऊन मदतीला आला होता, पण मॅजेलनने त्याला सांगितलं होतं, तुम्ही नावेत बसून आम्ही कसे लढतो ते बघा. त्याने बघितलं. स्पॅनिशांच्या छातीवर चिलखत होतं, पाय उघडे. मक्तानच्या लोकांनी पायांवर नेम धरला. शस्त्रं होती बांबूचे भाले, आगीत कडक केलेले सोटे, बाण, दगड, मोठी पाती. काठीयुद्धाचा उल्लेख नाही. लापुलापुने स्वतः मारलं असंही पिगाफेता म्हणत नाही.

पण एका ओळीपाशी मी प्लास्टरसकट उठून उभी राहिले. मॅजेलनने भाला एका माणसाच्या अंगात खुपसला, तो तिथेच अडकला, म्हणून त्याने तलवारीला हात घातला. आणि तलवार म्यानातून अर्धीच निघाली, कारण त्याच्या हाताला बांबूच्या भाल्याची जखम झालेली होती. ते पाहताच सगळे त्याच्यावर तुटून पडले. पहिला मोठा वार डाव्या पायावर बसला. काठी असो नसो, मला तिथे नोंग दिसला, मान हलवत. आधी हात.

त्यानंतरचा खात्रीचा इतिहास बराच घरगुती आहे, आणि मला तो दंतकथांपेक्षा आवडतो. १९३२ मध्ये सेबूत 'दोसे पारेस' क्लब निघाला, साव्हेद्रा आणि कान्येते या घराण्यांचा. नाव घेतलं शार्लमेन बादशहाच्या बारा सरदारांवरून. दोन कुटुंबं, एक संघटना. पुढे काय झालं असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. व्हेनान्सिओ बेकन नावाचा अंगाने किरकोळ, हाताने विजेसारखा उस्ताद बाहेर पडला आणि १९५२ मध्ये त्याने आपला वेगळा क्लब काढला. सराव चाले एका शिष्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या अंगणात. गल्लीचं नाव बालिन्तावाक, म्हणून शैलीचंही बालिन्तावाक. दोन्ही गटांत वर्षानुवर्षं आव्हानं, मारामाऱ्या, जुन्या माणसांच्या तोंडी अजून ताजी असलेली उणीदुणी. बालिन्तावाकात काठी एकच आणि लढाई अगदी हातघाईची, त्यामुळे रिकाम्या हाताला तिथे फार मान.

ज्यांनी ही विद्या जगभर नेली त्यातले बरेच पोटासाठी गाव सोडलेले होते. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन शहराभोवतीच्या शेतांत वाकून शतावरीची कोंबं कापणारे फिलिपिनो मजूर ती आपसांत, बंद दाराआड खेळत. त्यांच्यातल्या एंजल काबालेसने १९६६ मध्ये तिथे सर्वांसाठी उघडी शाळा काढली. त्याच गावात जन्मलेल्या डॅन इनोसान्तोमुळे ती ब्रूस लीपर्यंत पोचली. मायदेशी कायद्याने आर्निसला राष्ट्रीय खेळ ठरवायला डिसेंबर २००९ उजाडलं, रिपब्लिक ॲक्ट ९८५०. नोंग तेव्हा दुबईतच होता. त्याला ते भावाने फोनवर सांगितलं. "मग?" असं त्याने विचारलं म्हणे.

प्लास्टर असतानाही मी शुक्रवारी जात होते. उजवा गळ्यात अडकवलेला, म्हणून नोंगने मला काठीच दिली नाही. सावकाश वार तो करी आणि मी फक्त डाव्या हाताने त्याचं मनगट अडवायचं, वळवायचं, सोडायचं. चुकलं की तो थांबून माझा हात योग्य जागी नेऊन ठेवी. 'हिनाय-हिनाय', सावकाश, सावकाश. दहा आठवडे. दुसरा पर्यायच नव्हता त्या हाताला.

प्लास्टर काढल्यावर उजवा हात माझा नव्हताच. पातळ, खपल्या धरलेला, मनगट लाकडासारखं. फिजिओथेरपिस्टने रबरी गोळा दिला, टॉवेल पिळायला सांगितला, आणि एक व्यायाम असा की बादलीभर तांदळात हात खुपसून बोटं उघडायची-मिटायची. तांदूळ सगळ्या बाजूंनी सारखा अडवतो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे आईने ते कॉलवर पाहिलं. "अन्नात हात घालून खेळतेस?" मी म्हटलं, जुना रेशनचा आहे. "म्हणून काय झालं?" बर्फाबद्दल फिजिओथेरपिस्ट फारसा उत्साही नव्हता. गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने १९७८ मध्ये विश्रांती-बर्फ-दाब-उंची असा मंत्र दिला आणि जगभरच्या खेळाडूंनी तो पाठ केला. पुढे त्यानेच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. दुखणं कमी व्हायला थोडा वेळ लावा, एवढंच. हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नोंगने खोबरेल तेल गरम केलं. आधी त्याने तेल लावलेलं केळीचं पान कोमट करून माझ्या हातावरून फिरवलं. जिथे पान चिकटतं तिथे दुखणं अडकलंय अशी त्यांची समजूत. पान कोपराजवळ चिकटलं. मनगट वाचवायला मी सगळा भार कोपरावर घेत होते हे फिजिओथेरपिस्टला दोन दिवस आधी कळलं होतं, तेव्हा मी दोघांपैकी कुणाशीच वाद घातला नाही. शेवटी वासाचं हिरवं तेल, एफिकॅसेंट नावाचं. त्या वासात कापूर, पुदिना आणि आमच्या आजीची अमृतांजनची बाटली एकदमच येते.

नोंग निवृत्त होऊन सेबूला परतला तेव्हा मी चार दिवस जाऊन आले. विमानतळच मक्तान बेटावर आहे. तिथल्या स्मारकाच्या बागेत १८६६ चा मॅजेलनचा दगडी स्तंभ आणि पातं-ढाल घेतलेला लापुलापुचा काशाचा पुतळा, दोघंही एकाच कुंपणात. ओहोटी होती, पाणी घोट्याएवढं, लांबवर खडक उघडे. मुलं शिंपले वेचत होती. नोंग म्हणाला, बघ, इथे नाव येते का?

येताना त्याने दोन काठ्या दिल्या, सालासकटच्या, आगीवर फिरवलेल्या. त्या घेऊन मी थेट कोल्हापूरला गेले. आईने आधी माझं मनगट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, दाबून पाहिलं, समाधान झाल्यासारखं वाटलं नाही. मग तिची नजर काठीवर गेली. तिने ती उचलली, गाठींवरून अंगठा फिरवला, टोक वाकवून बघितलं. शहात्तर वर्षांची बाई, गुडघ्यांनी बेजार, पण काठी हातात आली तशी पाठ सरळ झाली.

"वेत आहे हा," ती म्हणाली. "चांगला आहे." आणि माझ्याकडे बघून, अगदी त्याच आवाजात : "हात पुढे कर."

मी केला. उजवा, तळवा वर. काठी उचलली गेली आणि माझा डावा हात आपण होऊन वर येऊन तिच्या मनगटावर बसला.

बाईंनी चष्म्यावरून त्या हाताकडे पाहिलं.

"आणि हा दुसरा कशाला मध्ये आलाय?"